एएसी ब्लॉकची भिंत बांधताय? विटेची सवय सोडा आणि या चुका टाळा

"ब्लॉकला तडे जाणारच हो, त्याचा गुणच तो." घरमालकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी म्हटलं की मी आधी भिंत दाखवा म्हणतो. मी साइटवर काम बघतो, सुरुवातीची सात-आठ वर्षं सगळं लाल विटेचं, आता जवळजवळ सगळं एएसी, म्हणजे वाफेत शिजवलेल्या हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकचं, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक तडे ब्लॉकमुळे जात नाहीत, ब्लॉकला वीट समजून बांधल्यामुळे जातात. मिस्त्रीचा हात विटेवर बसलेला असतो, त्याच हाताने तो ब्लॉक लावतो, आणि वर्षभराने मालक ब्लॉकला दोष देतो.

आधी वस्तू काय आहे ते बघू. सिमेंट, चुना, जिप्सम आणि राख किंवा वाळू यांच्या पातळ मिश्रणात थोडीशी अॅल्युमिनियमची पावडर टाकतात, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि मिश्रण ढोकळ्यासारखं फुगतं. मग ते कापून बंद टाकीत साधारण १८० ते १९० अंशाच्या वाफेत दाबाखाली शिजवतात. शोध स्वीडनमधला, १९२० च्या दशकातला. आपल्याकडे बऱ्याच ब्लॉकमध्ये औष्णिक वीजकेंद्रांची राख असते, एकलहरे, भुसावळ, कोराडी, चंद्रपूरला कोळसा जळून उरते तशी. आतमध्ये बारीक बारीक पोकळ्या, त्यामुळे एका घनमीटरचं वजन साधारण ५५० ते ६५० किलो, विटेचं याच्या तिप्पट. म्हणून बीम-कॉलमवरचा भार कमी होतो, काम भराभर होतं. पण याच पोकळ्यांमुळे ब्लॉक पाणी पितो, ओला झाला की फुगतो आणि वाळताना आक्रसतो. पुढच्या निम्म्या चुका या एका गोष्टीतून निघतात.

ब्लॉक भिजवणं

वीट हौदात भिजवून लावायची हे प्रत्येक गवंड्याच्या रक्तात आहे, आणि ते विटेसाठी बरोबरच आहे. ब्लॉक मात्र भिजवायचा नाही. लावायच्या आधी ब्रशने धूळ झाडायची, उन्हाचे दिवस असतील तर वरून हलका ओलावा द्यायचा, बास.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. जुलैमध्ये ब्लॉकचा ट्रक आला, चिखलातच उतरवून घेतला, ताडपत्री पुरली नाही, खालचे दोन थर आठवडाभर पाण्यात. मालकांना गणपतीच्या आधी प्लास्टर हवं होतं, मी नको म्हणायला हवं होतं पण म्हटलं नाही. तसेच ओले ब्लॉक भिंतीत गेले, तीन आठवड्यांत वर प्लास्टर. दिवाळीपर्यंत भिंत सुंदर दिसत होती आणि फेब्रुवारीत हॉलच्या भिंतीवर केसासारख्या उभ्या रेघा उमटल्या, कारण ब्लॉक तेव्हा कुठे आतून वाळत होते आणि वाळताना आक्रसत होते, प्लास्टर बिचारं मध्ये फाटत होतं. तेव्हापासून ट्रक यायच्या आधी फळ्या टाकून ठेवतो आणि ताडपत्री आल्याशिवाय माल उतरवू देत नाही. ६ इंची कोरडा ब्लॉक, म्हणजे ६०० बाय २०० बाय १५० मिमीचा, साधारण ११ किलोचा भरतो, त्याहून बराच जड लागत असेल तर तो अजून ओला आहे, चार दिवस थांबा. आणि भिंत झाल्यावर पाइप धरून तिला अंघोळ घालणारा बिगारी दिसला तर लगेच थांबवा. केमिकलने, म्हणजे ब्लॉक चिकटवायच्या तयार मसाल्याने, जोडलेल्या भिंतीला तशा पाण्याची गरजच नसते.

सांधा

ब्लॉक जोडायच्या केमिकलचा सांधा २ ते ३ मिमीचा हवा. पहिला थर तेवढा साध्या सिमेंट-वाळूच्या मालात बसवायचा, कारण खालची लेव्हल कधीच सरळ नसते आणि ती ३ मिमीत सावरता येत नाही. पहिला थर लाइनदोरीत आणि लेव्हलमध्ये बसला की पुढचं काम आपोआप सरळ जातं, तो वाकडा बसला की मिस्त्री वरच्या प्रत्येक थरात केमिकल जाड करून भरपाई करतो, मग बॅगाही जास्त लागतात आणि भिंतही कमजोर होते.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे उभे सांधे रिकामे सोडणं. आडव्या सांध्यात केमिकल असतं, उभ्यात बाहेरून बोट फिरवलेलं असतं. संध्याकाळी भिंतीच्या पलीकडे बॅटरी धरून बघा, उजेड आरपार दिसला तर त्या भिंतीतून पावसाचं पाणीही येणार आणि आवाजही. दात असलेली थापी वापरली तर केमिकल सारखं पसरतं, आणि कालवायला ड्रिलला लावायचा घुसळणा घ्या, हाताने कालवलेल्यात गुठळ्या राहतात. घट्ट झालेल्या केमिकलमध्ये पुन्हा पाणी टाकून वापरू देऊ नका. सांधेमोड, म्हणजे खालच्या-वरच्या थरांतल्या उभ्या सांध्यांमधलं अंतर, निदान ४ इंचाची हवी, आणि एका दिवसात ४ ते ५ फुटांच्या वर भिंत चढवू नका.

बीमखालची फट आणि कॉलमशेजारची रेघ

यावर जरा जास्त बोलतो कारण तक्रारी इथल्याच जास्त. मिस्त्रीला भिंत बीमला घट्ट भिडवायची असते, तुकडे ठोकून ठोकून बसवतो, मालकालाही ते मजबूत वाटतं. पण बीम भार आल्यावर थोडा खाली वाकतो, वरचे मजले चढतील तसा अजून वाकतो, आणि खालची भिंत वाळताना किंचित बसते. घट्ट भरलं असेल तर बीमचा भार भिंतीवर येतो, अर्धवट भरलं असेल तर तिथे आडवी रेघ उमटते. म्हणून १५ ते २० मिमी फट सोडायची, निदान दोन-तीन आठवडे थांबायचं आणि मग भरायची, मजले जास्त असतील तर वरच्या मजल्यापासून खाली येत भरायची.

कॉलमशेजारी दोन वेगळ्या वस्तू भेटतात, काँक्रीट आणि ब्लॉक, दोघांचं उन्हात फुगणं आणि वाळताना आक्रसणं वेगळं. तिथे भिंत कॉलमला बांधून घ्यावी लागते. ३ मिमीच्या सांध्यात ८ मिमीची सळई मावत नाही, म्हणून दर दोन-तीन थरांनी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) चपटी पट्टी कॉलमला फिक्स करून सांध्यात घ्या. प्लास्टरच्या आधी त्या जोडावर जाळी मारा, दोन्ही बाजूंना निदान ६-६ इंच, आणि ती नीट ताणून. ढिली जाळी म्हणजे नुसता खर्च.

४ इंची भिंतीत दर मीटरला, म्हणजे दर पाच थरांना आरसीसीची पाटली, म्हणजे काँक्रीटचा आडवा पट्टा, हवीच, आत ८ मिमीच्या दोन सळया आणि त्यांची टोकं कॉलममध्ये ड्रिल करून घेतलेली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा तडा दिसला की समजा सिलखाली, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेखाली, पाटली नाही किंवा लिंटल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, भिंतीवर पुरेसा टेकलेला नाही. दोन्ही बाजूंना निदान ८ इंच टेकवा.

झिरी, प्लास्टर, गिझर

वायरची झिरी, म्हणजे भिंतीतली खाच, पाडायला इलेक्ट्रिशियन छिन्नी-हातोडा घेऊन आला की भिंतीचे सांधे हलतात. कटरने दोन रेघा मारून मधलं हळू काढायला सांगा, खोली भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी, आणि लांब आडवी झिरी नकोच. ४ इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर बोर्ड घेतलेले मी बघितलेत, मध्ये राहतो पापडाएवढा ब्लॉक.

प्लास्टरमध्ये सिमेंट जास्त टाकलं की मजबूत होतं हा समज काढून टाका. ब्लॉक हलका आणि मऊ, त्यावर कडक प्लास्टर चढवलं की ते स्वतः जास्त आक्रसतं आणि ब्लॉकचा वरचा पापुद्रा घेऊन सुटतं. आतून १२ मिमी, एकास सहाचा माल पुरतो, बाहेरून दोन हातांत मिळून १८ ते २० मिमी. आधी धूळ झाडणं, हलकं पाणी, मग पातळ मालाचा खरबरीत शिडकावा, आणि तो वाळल्यावर प्लास्टर. ठोकून बघितल्यावर बद्द आवाज आला तर बहुतेक वेळा खाली धूळ असते.

गिझरचं आधीच ठरवा. २५ लिटरचा गिझर भरला की नुसतं पाणीच २५ किलो, वर टाकीचं वजन. साधा प्लास्टिक गुटका ब्लॉकमध्ये धरत नाही. बांधतानाच त्या जागी भरीव काँक्रीटचा ब्लॉक बसवून घेतला तर पुढची कटकट राहत नाही. नाहीतर एएसीसाठी मिळतात ते लांब अँकर घ्या आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा. किचनच्या वरच्या कपाटांनाही हेच.

आणि एक, गावाकडे हल्ली कॉलम न घेता थेट ब्लॉकच्या भिंतीवर स्लॅब टाकतायत. आयएस २१८५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे ५५१ ते ६५० किलो घनतेच्या पहिल्या ग्रेडच्या ब्लॉकची ताकद ४ न्यूटन प्रति चौ. मिमी, दुसऱ्या ग्रेडची ३. इंजिनिअरने हिशेब केल्याशिवाय हे करू नका, घरात माणसं झोपणार आहेत. जोत्याच्या खाली, मातीच्या ओलीतही हा ब्लॉक वापरू नका. माल घेताना बॅचचा टेस्ट रिपोर्ट मागा, त्यात ताकद, घनता आणि आक्रसणं तिन्ही आकडे हवेत, कारण न शिजवलेले फेसाचे सीएलसी ब्लॉकही कधीकधी याच नावाने गळ्यात मारतात.

तडा गेलाच असेल तर

लगेच पुट्टी भरू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि मध्ये आडवा पीओपीचा पातळ ठिपका लावा. दोन-तीन महिन्यांत ठिपका फुटला नाही आणि तडा खुणेपुढे गेला नाही तर तो झोपला. मग ५-६ मिमीची व्ही आकाराची खाच करून, धूळ काढून, पॉलिमरचा क्रॅक फिलर भरा, वर काचेच्या धाग्याची जाळी आणि मग पुट्टी. हे काम शक्यतो एप्रिल-मेमध्ये करा, भिंत तेव्हा सगळ्यात कोरडी असते आणि तडा सगळ्यात जास्त उघडलेला, पावसाळ्यात भरलात तर उन्हाळ्यात पुन्हा उघडेल. ठिपका फुटला, किंवा तडा बीम-कॉलमच्या काँक्रीटमध्ये शिरलेला दिसला, तर रंगाऱ्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.