आमदाराची कारकीर्द लिहिताय? गणपतआबांच्या बाबतीत होणाऱ्या या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, म्हटलं की लगेच वाक्य ठरलेलं असतं, 'सलग 11 वेळा आमदार'. मी पण एकदा हेच टाईप करून ग्रुपवर टाकलं होतं आणि तिकडच्या एका म्हाताऱ्यांचा लगेच फोन, "अहो सलग कुठलं, दोनदा पडलेत की आबा, आम्हीच बघितलंय". मग बसलो कागद घेऊन.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ही 'सलग'. आबा जिंकले ती सालं अशी: 1962, 1967, 1974, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. मोजा, 11 होतात. आता 1972 आणि 1995 यात नाहीत कारण तेव्हा ते पडले. 1972 ला पडले आणि 1974 ची पोटनिवडणूक जिंकून परत आले, ही पोटनिवडणूक विसरलात की आकडा 10 वरच अडकतो आणि मग माणूस 1972 पण विजयात धरून 11 जुळवतो, म्हणजे एक चूक झाकायला दुसरी. 1995 ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अगदी थोडक्या मतांनी पाडलं. हो, तेच बापू, काय झाडी काय डोंगारवाले.

दुसरी चूक गुणाकाराची. 11 गुणिले 5 म्हणजे 55 वर्षं आमदार, असं बिनधास्त छापतात. अहो टर्म पाच वर्षांची असते हे कागदावर झालं. 1972 ची विधानसभा आणीबाणीमुळे लांबत 1978 पर्यंत चालली आणि 1978 ची दोनच वर्षांत, फेब्रुवारी 1980 ला बरखास्त झाली. म्हणजे आबांना 1974 च्या विजयातून चार वर्षं मिळाली, 1978 च्या विजयातून जेमतेम दोन. आता बेरीज करा: 1962 ते 72 ची 10, 1974 ते 95 ची 21, 1999 ते 2019 ची 20. झाली 51, त्यातही 1980 च्या बरखास्तीचे काही महिने कमी करायचे. एवढं काटेकोर कोण बघतंय म्हणाल, पण ज्याला 55 खटकतात तो पुढचं काहीच वाचत नाही.

'देशातला विक्रम' हे पण जपून वापरा. 2014 ला आबा अकराव्यांदा आले तेव्हा तमिळनाडूच्या करुणानिधींना मागे टाकलं अशा बातम्या फिरल्या होत्या, पण करुणानिधी तोपर्यंत 12 वेळा निवडून आलेले होते, 2016 ला 13 झाले. आता तुम्ही म्हणाल ते मतदारसंघ बदलत राहिले, बरोबर आहे, मग केरळचे के. एम. मणी घ्या, पाला हा एकच मतदारसंघ आणि 13 विजय. त्यातला 1965 चा विजय तर असा की ती विधानसभा एकदाही भरली नाही, तरी विजय तो विजय. आबांसाठी 'महाराष्ट्रात सर्वाधिक वेळा' लिहा, तेवढं पुरेसं मोठं आहे.

'आयुष्यभर विरोधी बाकावर' हे वाक्य ऐकायला भारी वाटतं. शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, कधी सोडला नाही हे खरं, पण 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात आबा मंत्री होते. साधेपणा दाखवायच्या नादात मंत्रिपदच गायब करतात लोक, कशासाठी काय माहीत.

आता आकडे जुळतच नसतील तर काय करायचं. निवडणूक आयोगाचे निकाल उघडा, पण सर्चमध्ये सांगोला टाकून काही सापडलं नाही तर दचकू नका, तिथं नाव 'सांगोले' असं आहे, माझा यात अर्धा तास गेला. आणि जुन्या सार्वत्रिक निवडणुकीच्या फायलीत पोटनिवडणूक सापडत नाही, ती वेगळी शोधावी लागते. 2009 च्या आधीची आणि नंतरची मतं शेजारी ठेवून लाट आली-गेली असलं काही लिहू नका, मध्ये मतदारसंघांची फेररचना झालीय, गावंच इकडची तिकडे गेलीत.

अजून एक, 'आबा' टाकून फोटो शोधाल तर आर. आर. पाटील येतील, ते तासगावचे. आणि 2019 ला आबा उभेच नव्हते, नातू अनिकेत उभे होते आणि शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. 2024 ला जिंकले ते बाबासाहेब देशमुख, हे पण नातूच. नुसतं 'देशमुख' लिहिलंत की वाचणारा हे तिघं एकात एक करून टाकतो, म्हणून पूर्ण नाव आणि साल दरवेळी.