काळ्या मातीवर निवडुंगाचं रॉक गार्डन

आमच्या सोलापुरात उन्हाला तोटा नाही, म्हणून निवडुंग इथे आपोआप तगेल असं समजून लोक हौसेनं रोपं आणतात, आणि नवरात्राच्या सुमाराला तीच रोपं बुडातून मऊ पडलेली असतात. ऊन त्यांना मारत नाही, पाणी मारतं. आमच्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि खाली असते काळी माती. ती ओली झाली की फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात आणि पाणी तिथंच राहतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की निवडुंगासाठी खड्डा खणू नका. उंचवटा करा. काळ्या मातीत दोन फूट खणून खडी भरली की निचरा होईल असं वाटतं, पण चारही बाजूंनी चिकण माती असल्यामुळे तो खड्डा हौदासारखा भरतो.

जागा उघडी हवी, गच्चीच्या पन्हळीचं पाणी जिथे पडतं तिथून लांब, आणि झाडाखाली नको. सुरुवातीला दहा फूट बाय सहा फूट पुरे. फक्कीनं आखून घ्या, पण लगेच मुरूम ओतू नका. आधी लव्हाळा आणि हरळी ही तणं काढायची. या कामाला घाई केली तर पुढे जन्मभर काट्यांत हात घालून तण उपटत बसावं लागतं. उन्हाळ्यात त्या जागेला एकदा भरपूर पाणी द्या आणि लव्हाळा उगवू द्या. मग खुरप्यानं नाही, कुदळीनं खोल जाऊन त्याच्या काळ्या गाठींसकट काढा. नुसती पात ओढली की गाठ खालीच राहते आणि तिच्यातून पुन्हा कोंब येतो. पुन्हा पाणी, पुन्हा खणणं. नवीन पात दिसेनाशी होईपर्यंत हे चालू ठेवा. हरळीच्या कांड्या वेचून लांब टाका, कारण बोटभर तुकडासुद्धा परत रुजतो.

आता भर. तळाला उंची यावी म्हणून दगडगोटे आणि विटांचे तुकडे चालतील, पण पाडलेल्या बांधकामाचा सिमेंट-प्लास्टरचा राडा घेऊ नका. त्यानं माती अल्कधर्मी होते, आणि आमचं बोअरचं पाणी मुळातच जड. वर झाडांसाठी किमान फूटभर मिश्रण हवं: दोन घमेली चाळलेला मुरूम, दोन घमेली क्रशरवरची बारीक खडी आणि एक घमेलं पुरतं कुजलेलं, जुनं शेणखत. खडी धुऊनच घ्या. तिच्यातली भुकटी खाली बसून थर घट्ट करते आणि मग सगळी मेहनत वाया जाते. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू टिकला तर खडी वाढवा, भुगा होऊन पडला तर जमलं. मधला उंचवटा दीड-दोन फुटांचा करा आणि उतार सगळीकडे बाहेर ठेवा. लावणीआधी त्यावर एक-दोनदा पाणी मारून भर बसू द्या.

दगड आमच्याकडे मुबलक. नव्या विहिरीच्या खोदाईतले काळे दगड मालकाला विचारून आणावेत, बांधावरचे किंवा डोंगरावरचे उचलू नयेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. कधी कधी त्याच्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांचा गुच्छ सापडतो. असा दगड मिळाला तर त्याचं तोंड रस्त्याकडे ठेवा, येणारा-जाणारा थांबून बघतो. प्रत्येक दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडा आणि सगळ्यांचा कल एकाच दिशेला ठेवा, म्हणजे दगड तिथलेच वाटतात. मे महिन्यात दुपारी काळ्या दगडाला हात लावता येत नाही. त्यामुळे लहान निवडुंग दगडाला चिकटवून लावू नका. दगडाच्या पूर्वेला, चार बोटं अंतर सोडून लावा, म्हणजे दुपारनंतर त्याच दगडाची सावली मिळते. सेरियस किंवा निळसर पिलोसोसेरियससारखे उंच खांब याच कारणासाठी पश्चिमेकडे घ्या.

लावणी दिवाळीनंतर. पाऊस संपलेला असतो आणि उन्हाळ्याआधी मुळांना तीन-चार महिने मिळतात. नर्सरीतली रोपं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात, ती थेट उन्हात ठेवली की एका बाजूला पांढरट-तपकिरी डाग पडतो आणि तो कधीच जात नाही. आधी दोन-तीन आठवडे सकाळच्या उन्हात ठेवा. कुंडीत असताना दक्षिणेकडे कोणती बाजू होती तिथे खडूनं खूण करा आणि लावतानाही तीच बाजू दक्षिणेला ठेवा. मुळांभोवतीचा कोकोपीट पूर्ण झाडून टाका. मुळांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. मुळं धुऊन, खराब भाग कापून, रोप आठवडाभर सावलीत सुकू द्या. धरायला बारदानाची जाड पट्टी. फड्या निवडुंगाचे केसासारखे काटे बोटात गेले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा.

रोपाचं बूड आजूबाजूपेक्षा इंचभर वर राहिलं पाहिजे आणि त्याभोवती दोन इंच खडीचा थर. पहिला आठवडा पाणी नाही. पुढे हिवाळ्यात महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, तेही संध्याकाळी आणि बुडाशी.

काय लावावं? गोल्डन बॅरल, फेरोकॅक्टस, सेरियस, फड्या निवडुंग हे आमच्या हवेत उत्तम. मॅमिलेरिया सुंदर, पण पावसात नाजूक. लाल-पिवळ्या गोळ्याचे कलमी निवडुंग बाहेर लावूच नका. त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, तो खालच्या खोडाच्या जिवावर जगतो. आणि डोंगरावरची माकडशिंग किंवा सह्याद्रीच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी या गरदार खोडाच्या रानवनस्पती उपटून आणण्याचा विचार मनातसुद्धा आणू नका. शिंदळ माकुडी महाराष्ट्राबाहेर कुठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही.

जूनपासून गोल आणि लोकरीच्या जातींवर पारदर्शक पत्र्याचं छप्पर हवं, तीन-चार फूट उंच, चारही बाजू उघड्या. प्लॅस्टिकनं गुंडाळलं तर आत वाफ साचते आणि सड उलट लवकर लागते. खांबासारखे निवडुंग उघड्यावर राहिले तरी चालतं. पावसात रोज सकाळी एक फेरी मारा आणि बुडं काडीनं हळूच दाबून बघा. मऊ लागलं तर रोप लगेच उपटा, स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं आतला गर स्वच्छ, एकसारखा दिसेपर्यंत कापत जा, कापावर गंधकाची पूड लावा आणि वरचा भाग दोन आठवडे सावलीत उभा ठेवा. काप कडक झाला की कोरड्या खडीवर टेकवून ठेवा. मुळं फुटायला वेळ लागतो. फुटेपर्यंत पाणी देऊ नका.