प्रेमकथेत पात्र हरवू देऊ नका : नव्या कथालेखकांनी या चुका टाळाव्यात

कथेत प्रेम आले की पात्रासमोर निवड उभी राहिली पाहिजे आणि त्या निवडीची किंमत त्याने मोजली पाहिजे. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या बहुतेक हस्तलिखितांत मात्र प्रेम आले की पात्राची वाढ तिथेच थांबते.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे प्रेम सुरू होताच पात्राची आधीची धडपड विसरून जाणे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडीवरची एक कादंबरी प्रकाशनापूर्वी माझ्याकडे आली होती. ऊसतोडीत दोघांची जोडी म्हणजे एक कोयता असे मानले जाते आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, त्या जोडीने ऊस तोडून फेडायची असते. आई गेल्यानंतर बापाबरोबर जोडी पुरी करणारी, उचल फिटेपर्यंत लग्न करायचे नाही आणि बारावीची परीक्षा द्यायचीच असे ठरवलेली नायिका लेखकाने सुरुवातीला फार ताकदीने उभी केली होती. मग साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा तरुण कारकून तिला भेटला आणि तिथून पुढे उचल, बारावी आणि बाप यांचा उल्लेखही उरला नाही. वास्तविक प्रेमाची किंमत तिथे आयतीच होती, कारण ती त्या तरुणाबरोबर गेली असती तर बाप अर्ध्या कोयत्यावर आला असता आणि कर्ज मात्र पूर्णच राहिले असते. हे मी लेखकाला सविस्तर सांगितले, परंतु पुस्तक दिवाळीपूर्वी निघायलाच हवे, असा त्यांचा आग्रह होता आणि ते तसेच छापले गेले. एका चांगल्या पात्राचे असे नुकसान झालेले पाहून मला आजही वाईट वाटते.

माझी सवय अशी आहे की प्रियकराचा प्रत्येक प्रसंग पेन्सिलीने कंसात टाकून मी उरलेली कथा सलग वाचतो. उरलेल्या भागात नायिकेला करण्यासारखे काहीच राहिले नसेल, तर ती प्रकरणे नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरी चूक म्हणजे प्रेमात पडताच माणूस सुधारतो असे दाखवणे. दारू सुटते, राग विरतो, आळशी मुलगा अभ्यासाला लागतो, आणि हे सारे एका परिच्छेदात घडते. हा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही. प्रेमाची कबुली दिल्यानंतरही पात्राने जुना दोष एकदा तरी, तोही प्रिय व्यक्तीच्या देखत, पुन्हा करावा असा माझा आग्रह असतो, कारण त्यानंतर ते पात्र काय करते त्यावरूनच त्याचा बदल खरा की खोटा हे वाचकाला कळते.

भावनांची विशेषणे रचत बसू नये. आपल्या पैठणच्या सातवाहन परंपरेत हाल राजाच्या नावाने संकलित झालेल्या गाथासप्तशतीत माहाराष्ट्री प्राकृतातील सुमारे 700 गाथा आहेत. त्यांतील एका गाथेत वाटसरू बोटे विरळ करून ओंजळीने पाणी पितो, म्हणजे ते गळत राहील आणि पिणे लांबेल. आणि पाणपोईवरची तरुणी आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. कोणीही काही बोलत नाही, तरी दोघांचेही मन आणि दोघांचीही हुशारी अवघ्या दोन ओळींत कळते. कथा लिहायला घाई करणाऱ्यांनी आधी या गाथा सावकाश वाचाव्यात.

एका फोनने मिटेल अशा गैरसमजावर ताटातूट उभी करू नये. नायकाला दुःख मिळावे एवढ्यासाठी नायिकेला मारू नये.

आणखी एक चूक मला विशेष खटकते. मित्र "काय करायलास?" असे विचारतो, पण त्याच परभणीत वाढलेला नायक प्रेयसीसमोर पुस्तकी मराठी बोलू लागतो, आणि लेखकाला त्यात काही वावगे दिसत नाही. तिच्यासमोर आपली बोली लपवावी असे त्याला वाटत असेल, तर ते त्याच्या स्वभावाचे महत्त्वाचे अंग आहे. ते कथेत यावे, आणि ती बोली त्याच्या तोंडून पहिल्यांदा कोणत्या क्षणी निसटते, हेही लेखकाने लिहायला बसण्यापूर्वी ठरवावे.