फाइलवरचा 'पूर्ण' हा शेरा मी का बंद केला

सरकारी वकिलांच्या कार्यालयात पाच पॅरालीगल, म्हणजे वकिलांना कागदपत्रांच्या कामात मदत करणारे कर्मचारी, माझ्या हाताखाली काम करतात. मध्यंतरी एकाच महिन्यात दोनदा, तेही सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी, कळलं की साक्षीदाराचा पुरवणी जबाब बचाव पक्षाला दिलेलाच नाही. फाइलवर शेरा मात्र ठसठशीत: 'पूर्ण'.

आधी चिडलो. मग एकेकाला शांतपणे विचारलं, तर प्रत्येकाचं 'पूर्ण' वेगळं. कुणासाठी कागद पोलिसांकडून आला की पूर्ण, कुणासाठी स्कॅन झाला की. मी तरी कधी सांगितलं होतं?

तो शेराच काढून टाकला. आता फाइलच्या पहिल्या पानावर चार रकाने आहेत: कागद कुठून आला, कधी आला, बचाव पक्षाला कधी दिला, पोच कुठे आहे. पोच हातात नसेल तर रकाना रिकामाच ठेवायचा.

खरी अडचण दुसरीच होती. आरोपीला फायद्याचं ठरेल असं काही दिसलं, की 'हे किरकोळ आहे' असं कर्मचारी स्वतःच ठरवून टाकत. आता त्यावर लाल चिठ्ठी लागते आणि तो कागद त्याच दिवशी सरकारी वकिलाच्या टेबलावर जातो. द्यायचा की नाही, हा निर्णय वकिलाचा, सहीही त्याचीच.

दर शुक्रवारी मी कुठल्याही दोन फाइली उपसतो. पहिल्याच शुक्रवारी पोच नसलेली फाइल सापडली, ती मी स्वतः हाताळलेली होती. सगळे मनापासून हसले.