सामाजिक विषयांवरचं उन्हाळी फिल्म शिबिर: या चुका टाळा

मे महिन्यात तीन आठवड्यांचं शिबिर, पाच-पाच जणांचे गट आणि प्रत्येक गटाची पाच मिनिटांची फिल्म, असा साचा आता अनेक महाविद्यालयांत रुळला आहे. शेवटच्या दिवशी पडद्यावर बहुधा तेच दिसतं: भेगाळलेली जमीन, आजीच्या हाताच्या सुरकुत्या आणि मागे बासरी. कॅमेरा महाग नव्हता म्हणून असं होत नाही. मुलं गावात गेली ती उत्तर ठरवूनच, आणि समोरचा माणूस काय बोलला ते ना त्यांनी ऐकलं, ना माइकने.

मे महिन्यात नसलेला विषय निवडणं

जिल्हा परिषदेच्या शाळेवर फिल्म करायची ठरते, पण शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद, विदर्भात त्याहून उशिरा. ऊसतोड कामगारांवर करायची ठरते, पण गाळप संपून टोळ्या बीडला परतलेल्या असतात. मग मुलं रिकामा वर्ग दाखवतात आणि वर निवेदन चढवतात. त्यापेक्षा मे महिन्यात काय घडतं ते पाहा. परतलेल्या कुटुंबाचा उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेचा हिशेब, टँकरच्या खेपा, बियाण्यासाठी चाललेली पैशांची जुळवाजुळव. शिबिर १५ मेच्या पुढे असलं तरी संयोजकांनी १ मेच्या ग्रामसभेला जाऊन बसावं. गावात कशावरून वाद आहे, ते तिथे दोन तासांत कळतं.

पहिल्याच दिवशी कॅमेरा हातात देणं

१८ कामाचे दिवस धरले तर वाटणी अशी ठेवा: ४ दिवस शिकणं, ३ दिवस कॅमेऱ्याशिवाय गावात, ४ दिवस चित्रीकरण, ५ दिवस संकलन, १ दिवस गावाला दाखवणं, १ दिवस दुरुस्ती. बहुतेक ठिकाणी बिनकॅमेऱ्याच्या तीन दिवसांवर कात्री चालते आणि तिथेच फिल्म फसते.

पाच मिनिटांसाठी तासाभराचं फुटेज पुरेसं असतं. आठ तास आणलं तर ते कुणी पाहत नाही. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला चार-पाच तास जातात, हे गणित आधीच सांगा.

उत्तर आत भरलेला प्रश्न

"पाणी नसल्यामुळे तुम्हाला खूप त्रास होत असेल ना?" याचं उत्तर "हो" एवढंच येतं. "काल पाण्याला कितीला निघालात? किती खेपा झाल्या? तेवढा वेळ लेकरू कुणापाशी होतं?" असं विचारलं की माणूस सांगायला लागतो. उत्तर संपलंसं वाटलं की पाच सेकंद गप्प राहा. खरी गोष्ट बऱ्याचदा त्या पाच सेकंदांनंतर येते. बाई जमिनीवर बसली असेल तर तुम्हीही खाली बसा आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. फक्त सरपंच, गुरुजी आणि पारावरचे पुरुष बोलले असतील तर वेळ चुकली आहे. बायकांना मोकळीक कधी असते ते त्यांनाच विचारा.

आवाज

चित्र थोडं हललं तरी लोक पाहतात, आवाज ऐकू आला नाही की उठून जातात. फोनचा स्वतःचा माइक दोन मीटरवरून माणसापेक्षा पंखाच जास्त ऐकतो. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. पदराला लावलात तर घासण्याची खरखर येते, त्यामुळे ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला लावा, आणि तो बाईंना स्वतःला किंवा गटातल्या मुलीला लावू द्या. मंगळसूत्र आणि बांगड्या वाजतात. काढायला सांगू नका, माइकची जागा बदला.

बोलायला बसण्याआधी एक मिनिट डोळे मिटून ऐका. पिठाची गिरणी, मोटर, कूलर, शेजारचा टीव्ही, सगळं तेव्हा कळतं. उघड्यावर माइकला केसाळ टोपी हवीच. नोंद करताना आवाजाची उंच टोकं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, हेडफोन एकाच्या कानाला सतत हवा, आणि निघताना त्या जागेची नुसती शांतता ३० सेकंद नोंदवा. संकलनात जोड लपवायला तीच उपयोगी पडते.

फोनच्या नेहमीच्या तक्रारी

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर कारण आपली ५० हर्ट्झची वीज. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा. फोन ३० फ्रेमच देत असेल तर १/१००.

सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज दहाव्या मिनिटाला सुटतात, कारण फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतो. हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून फाइल स्थिर वेगात बदलून मगच टाइमलाइनवर घ्या. आवाज दुसऱ्या फोनवर नोंदवत असाल तर सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज तिच्यावरून जुळवता येतात.

दुपारी फोन तापून बंद पडतो. सकाळी ७ ते साडेनऊ आणि ५ नंतर काम करा, कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा. नाहीतर ऐन बोलण्यात मामाचा फोन येतो. साध्या १०८० रेझोल्यूशनलाही तासाला ८ जीबीपर्यंत जागा लागते. रोज रात्री दोन वेगळ्या ठिकाणी प्रती झाल्याशिवाय फोन रिकामा करायचा नाही.

संमतीचा कागद आणि कायदा

सही घेतली म्हणजे संमती मिळाली, असं नाही. फिल्म कुठे दिसणार, यूट्यूबवर जाणार का, हे सांगा. वाचता येत नसेल तर तोंडी संमती कॅमेऱ्यावर घ्या. माघार कोणत्या तारखेपर्यंत घेता येईल तेही सांगा.

काही ठिकाणी अशी नेहमीची संमती पुरत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम २३ नुसार पीडित बालकाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर यातलं काहीही उघड करता येत नाही. विशेष न्यायालयच बालकाच्या हितासाठी तशी परवानगी देऊ शकतं. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ बंदी घालतं. संकलनात चेहरा धूसर करण्याच्या भरवशावर राहू नका. मूळ फाइल गटातल्या पाच फोनांवर फिरतच असते. चेहरा मुळातच टिपू नका, आणि दारावरची पाटी, गणवेश, दुचाकीचा नंबरही तपासा.

ओवी म्हणजे फुकटचं पार्श्वसंगीत नव्हे

पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हे संकेतस्थळ जात्यावरच्या ओव्या प्रसिद्ध करतं तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव सोबत असतं. तुमच्या श्रेयनामावलीतही तसंच द्या, आणि बासरीच्या जागी ती ओवी पूर्ण ऐकू द्या.

मराठी अक्षरं फुटणं

फिल्मखालच्या उपशीर्षकांत जोडाक्षरं तुटत असतील किंवा पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसत असेल तर दोन गोष्टी पाहा: मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे की युनिकोडमधला, आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय चालू आहे का. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट चालतात. एका वेळी दोनच ओळी ठेवा. "न्हाई"चं "नाही" करू नका; आणि मराठी प्रेक्षकांसाठी वऱ्हाडी बोलण्याखाली प्रमाण मराठी देणं तर सरळ अपमानच.

गावाला शेवटी, किंवा कधीच न दाखवणं

महाविद्यालयाच्या सभागृहाआधी फिल्म गावात दाखवा. मे महिन्यात अंधार पडायला साडेसात होतात, तोवर पांढरी चादर ताणून ठेवा. वीज जाईल हे धरून चार्ज केलेला लॅपटॉप आणि बॅटरीवरचा स्पीकर न्या. जे बोलले त्यांना पुढे बसवा. फिल्म संपल्यावर चुकलेली नावं, नाती आणि आकडे वहीत उतरवा. दुरुस्तीचा दिवस त्यासाठीच राखलेला आहे.