ऑस्ट्रेलियात ट्रेड शिकायला जायचंय? आधी एवढं बघा

वेल्डिंग, ऑटो मेकॅनिक, कुकरी असलं काही शिकायला ऑस्ट्रेलियात जायचं असेल तर एजंटकडे पळू नका, आधी क्रिकॉस नावाचं सरकारी रजिस्टर ऑनलाइन फुकट उघडा आणि कॉलेज आणि तुमचा कोर्स दोन्ही त्यात आहेत का ते स्वतः बघा. कोर्स त्यात नसेल तर त्यावर स्टुडंट व्हिसा मिळतच नाही, मग एजंट काहीही सांगो. मी तर म्हणेन टेफ आधी बघा, ती सरकारी कॉलेजं आहेत.

आता इंग्लिश. मार्च 2024 पासून व्हिसाला आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत 6 स्कोअर लागतो, पण 5.5 आला तरी घाबरू नका, मेन कोर्सच्या आधी किमान 10 आठवड्यांचा इंग्लिश कोर्स जोडून घेता येतो, 5 असेल तर 20 आठवड्यांचा. त्याची फी वेगळी बरं का, म्हणून घरी बसून स्कोअर वाढवणं स्वस्त पडतं. रोज बोला, आपल्या कामाबद्दलच बोला, मशीन कसं चालतं, काय बिघडलं, वर्कशॉपमध्ये तेच कामी येतं.

टर्म चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, त्यामुळे फी तिथे कमवून भरू हा हिशोब अजिबात धरू नका. आणि व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथून स्टुडंट व्हिसाला अप्लाय करणं जुलै 2024 पासून बंद झालंय.