जुन्या रेडमीवर लिनिएजओएस टाकताना या चुका टाळा

पीसीच्या काळ्या खिडकीत आकडा वाढत वाढत ४७ टक्क्यांवर येतो आणि तिथेच थांबतो. खाली ओळ उमटते, ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’. पहिल्यांदा रॉम, म्हणजे फोनची नवी सिस्टिम, टाकणाऱ्याला त्यातला ‘फेल्ड’ तेवढा दिसतो. तो घाबरून केबल उपसतो, पॉवरचं बटण दाबून धरतो, पुन्हा सगळं पुसतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. त्याचं काम तर झालेलं असतं.

एडीबी साइडलोडमध्ये, म्हणजे केबलने पीसीवरून रॉम बसवताना, पीसी रॉमची झिप फाइल तुकड्यातुकड्यांनी रिकव्हरीला (सिस्टिम बसवण्या-पुसण्यासाठी फोनमध्ये असलेल्या छोट्या वेगळ्या सिस्टिमला) देत असतो. रिकव्हरी प्रत्येक तुकडा दोनदा मागेल, एकदा सही (फाइल अस्सल असल्याची खूण) तपासायला आणि एकदा बसवायला, शिवाय वर थोडं किरकोळ वाचन होईल, असं धरून टक्केवारी काढलेली असते. म्हणजे फाइलच्या सुमारे २.१३ पट माल गेला की १०० टक्के. फाइल पूर्ण एकदाच गेली तर हिशेब बरोबर ४७ वर येतो, आणि कित्येकदा रिकव्हरीचं तेवढ्यात भागतं. म्हणून निकाल पीसीवर बघायचा नसतो, फोनच्या पडद्यावर बघायचा असतो. तिथे ‘स्टेटस ०’ दिसलं की रॉम बसला.

हे आधी सांगितलं, कारण रॉम टाकताना फोन अडकतो तेव्हा काय बिघडलं ते बहुतेक वेळा पडद्यावर लिहिलेलं असतं. ते न वाचता पुढचं बटण दाबल्यामुळे साधी अडचण मोठी होते. उदाहरणासाठी २०२० मध्ये भारतात आलेलं रेडमी नोट ९ प्रोचं कुटुंब घेतो. हे फोन अजून कितीतरी घरांत आहेत. कंपनीचे अपडेट थांबले, पण आतला स्नॅपड्रॅगन ७२०जी थकलेला नाही. बॅटरी बदलून घेतली आणि लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडवर आधारलेला मोफत रॉम, टाकला तर असा फोन आणखी काही वर्षं नीट चालतो, हे मी मनापासून सांगतो. (डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनमॉड हा जुना रॉम बंद पडला, तेव्हा त्याच्याच कोडवर लिनिएज उभा राहिला.)

खोक्यावरचं नाव पुरत नाही

प्रत्येक फोनला एक आतलं सांकेतिक नाव असतं. भारतात विकलेला रेडमी नोट ९ प्रो आतून ‘कर्टाना’ आहे. परदेशात त्याच नावाने विकलेला फोन मात्र ‘जॉयूझ’. कर्टाना तिकडे रेडमी नोट ९एस म्हणून विकला गेला. प्रो मॅक्स म्हणजे ‘एक्सकॅलिबर’, पोको एम२ प्रो म्हणजे ‘ग्राम’. चारही नावं युरोपातल्या कथा-परंपरांमधल्या तलवारींची आहेत. लिनिएजने या चौघांसाठी मिळून एकच रॉम ठेवला आहे, त्याचं नाव ‘मिअ‍ॅटोल’. पण नुसता रेडमी नोट ९, ज्यात मीडियाटेकचा हेलिओ जी८५ आहे, तो या घरातलाच नाही. त्याचं नाव ‘मर्लिन’. एका ‘प्रो’ शब्दाच्या फरकाने चुकीची फाइल उतरवलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून फोन फास्टबूटमध्ये (पीसीच्या कमांड ऐकणाऱ्या अवस्थेत) नेऊन पीसीवरून ‘गेटव्हार प्रॉडक्ट’ या कमांडने विचारा आणि जे नाव येईल त्यावरच विश्वास ठेवा. परदेशातून कुणी आणून दिलेला फोन असेल तर हे आधी कराच.

चुकीची झिप दिली की रिकव्हरी ‘एरर ७’ दाखवून थांबते. त्याच्या वरच्याच ओळीत ‘ही फाइल अमुक फोनची आहे, हा फोन तमुक आहे’ असं लिहिलेलं असतं. यावर एक घातक तोड सर्रास सांगितली जाते: झिप उघडा, अपडेटर स्क्रिप्टमधली (रॉम बसवण्याच्या सूचनांच्या फाइलमधली) ‘असर्ट’ची ओळ काढून टाका आणि पुन्हा बंद करा. कृपा करून हे करू नका. ती ओळ म्हणजे दारावरचा पहारेकरी आहे. त्याला हाकलून आत शिरलेला रॉम दुसऱ्याच फोनच्या स्टोअरेजच्या विभागण्यांवर लिहीत सुटतो. कधी फोन खरा आणि फाइलही बरोबर असते, पण रिकव्हरी जुनी किंवा परकी असल्यामुळे ती स्वतःचं नाव चुकीचं सांगते. त्यावर उपाय म्हणजे त्या फोनसाठी लिनिएजनेच दिलेली रिकव्हरी वापरणं. पहारेकऱ्याला हात लावायची गरज नाही.

फाइल अर्धवट उतरली असेल तरी विचित्र एरर येतात. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ आणि लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ ही कमांड मिनिटभरात फाइलचा ठसा (चेकसम) काढून देते. डाउनलोडच्या पानावरच्या ठशाशी तो जुळवून बघा.

अनलॉक म्हणजे सगळं पुसणं

रॉम टाकण्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो. तो अनलॉक केला की फोनमधला डेटा जातो, आणि मधला मार्ग नाही. मी एकदा मावशीच्या फोनवर रॉम टाकून दिला. फोटो पीसीवर उतरवले, कॉन्टॅक्ट तपासले, पण व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप चालू आहे का हे विचारायचं राहून गेलं. तो बंद होता. काकांच्या शेवटच्या आजारपणातले त्यांचे आवाजाचे संदेश त्यात होते. मावशी एका शब्दाने बोलली नाही, पण मला ते आजही सलतं. तेव्हापासून मी फोन हातात घेण्याआधी समोर बसून एकेक विचारतो: व्हॉट्सअ‍ॅप, फोटो, नोट्स, रेकॉर्डिंग आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले कोड. हे शेवटचं लोक हमखास विसरतात आणि मग स्वतःच्याच खात्याबाहेर अडकून बसतात. त्याच वेळी *#०६# डायल करून आयएमईआयचे (फोनच्या ओळख क्रमांकाचे) दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, आणि सेटिंगमधून गूगल खातं काढून टाका, नाहीतर पुसलेला फोन नंतर तेच खातं मागत बसतो.

शाओमीच्या या फोनांत सिम घालून, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर डेव्हलपर ऑप्शनमध्ये शाओमीचं खातं जोडावं लागतं. मग अनलॉकचं टूल थांबायला सांगतं, बहुतेक वेळा १६८ तास. त्या सात दिवसांत पुन्हा ‘खातं जोडा’ दाबू नका, लॉगआउट करू नका. तसं केलं की मुदत पहिल्यापासून सुरू होते.

टाकलेली रिकव्हरी गायब होते

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. फास्टबूटने रिकव्हरी टाकली, ‘ओके’ आलं, फोन चालू केला, मग रिकव्हरीत गेलो तर पुन्हा कंपनीचीच. कारण सरळ आहे. मूळ सिस्टिम एकदा जरी सुरू झाली तरी ती स्वतःची रिकव्हरी परत लिहून टाकते. म्हणून ‘ओके’ आल्यावर सिस्टिमला उठूच द्यायचं नाही. पॉवर आणि व्हॉल्यूम अप धरून ठेवायचं आणि थेट नव्या रिकव्हरीत उतरायचं. पहिल्या खेपेला बटणांची वेळ चुकते आणि फोन सिस्टिममध्ये जातो. काही बिघडत नाही, पुन्हा फास्टबूटमध्ये जाऊन रिकव्हरी परत टाका.

ही रीत रिकव्हरीची वेगळी विभागणी असलेल्या फोनांची. नव्या, दोन स्लॉटच्या (सिस्टिमच्या दोन प्रतींना जागा असलेल्या) फोनांत रिकव्हरी बहुतेकदा बूटच्या किंवा व्हेंडर-बूटच्या विभागणीच्या पोटात असते. एका फोनचा व्हिडिओ बघून दुसऱ्यावर तसंच करायला गेलात की घोटाळा इथेच होतो.

पीसीवर ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ येऊन काहीच हलत नसेल तर आधी केबल बदला. कितीतरी केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यानंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर बघा: फास्टबूटसाठी ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ हाताने निवडावा लागतो. रायझन प्रोसेसरच्या काही पीसींवर यूएसबी ३ च्या पोर्टवर फास्टबूट अडतो. मध्ये एक साधा यूएसबी २ चा हब घातला की सुरळीत चालतो.

वाइप आणि फॉरमॅट यांत फरक आहे

कंपनीची सिस्टिम डेटा स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद ठेवते. नव्या रॉमकडे ती किल्ली नसते. टीडब्ल्यूआरपी या बाहेरच्या रिकव्हरीमध्ये नुसतं स्वाइप करून केलेलं वाइप अ‍ॅप पुसतं, पण इंटर्नल स्टोअरेज आणि त्याचं कुलूप तसंच ठेवतं. मग रॉम नीट बसूनही फोन लोगोवर फिरत राहतो. रिकव्हरीत फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांची दिसतात, किंवा इंटर्नल स्टोअरेज ० एमबी दाखवतं. रॉम खराब आहे असं समजून लोक तीन-तीन रॉम बदलून बघतात. खरं तर ‘फॉरमॅट डेटा’ करायचं राहिलेलं असतं, ज्यात ‘येस’ टाइप करावं लागतं. लिनिएजच्या रिकव्हरीत ते ‘फॅक्टरी रीसेट’च्या आत असतं. कंपनीच्या सिस्टिमवरून पहिल्यांदा लिनिएजवर येताना हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिल्या वेळी फोन सुरू व्हायला पंधरा मिनिटांपर्यंत लागू शकतात. तेवढा धीर धरा.

गूगलची अ‍ॅप

लिनिएजमध्ये प्ले स्टोअर नसतं. ते हवं असेल तर गूगलच्या अ‍ॅपचं पॅकेज रॉमपाठोपाठ, फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधी साइडलोड करावं लागतं. आधी फोन चालू करून बघितला आणि मग पॅकेज टाकलं, तर प्ले सर्व्हिसेसला लागणाऱ्या परवानग्या मिळत नाहीत आणि ‘बंद पडलं’ असा संदेश सारखा येत राहतो. असं झालं तर पुन्हा फॉरमॅटशिवाय सुटका नाही. पॅकेजची आवृत्तीही जुळली पाहिजे: लिनिएज २० म्हणजे अँड्रॉइड १३, २१ म्हणजे १४, २२ म्हणजे १५. दोन स्लॉटच्या फोनांत रॉम बसल्यावर रिकव्हरीतूनच ‘रीबूट टू रिकव्हरी’ करून मग पॅकेज द्यायचं असतं, नाहीतर ते जुन्या स्लॉटमध्ये जाऊन पडतं.

इथे रिकव्हरी ‘सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड’ म्हणते आणि लोक दचकतात. गूगलच्या पॅकेजवर लिनिएजची सही नसतेच, त्यामुळे इथे ‘येस’ म्हणायला हरकत नाही. पण हाच संदेश लिनिएजच्या स्वतःच्या झिपला आला तर थांबा आणि फाइल पुन्हा उतरवा.

ज्या चुकीतून फोन परत येत नाही

वरच्या बहुतेक चुका सुधारता येतात. पुढच्या दोन मात्र फार महाग पडतात.

पहिली म्हणजे मागे जाणं. २०१८ मध्ये शाओमीने रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परतणं) रोखणारी व्यवस्था आणली. रेडमी नोट ५ प्रो वापरणाऱ्या कित्येकांनी नेहमीच्या सवयीने जुनी मीयूआय (शाओमीची मूळ सिस्टिम) टाकली आणि त्यांचे फोन कायमचे काळे पडले. फास्टबूटमध्ये ‘गेटव्हार अँटी’ विचारलं की तुमच्या फोनचा रोलबॅकचा आकडा कळतो. त्याहून कमी आकड्याची मूळ सिस्टिम कधीही टाकू नका.

दुसरी म्हणजे नकळत लॉक करणं. मूळ सिस्टिमवर परतण्यासाठी ‘मी फ्लॅश’ हे शाओमीचं टूल वापरतात. त्याच्या तळाशी ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. घाईत तो तसाच राहतो. चिनी हार्डवेअरवर ग्लोबल सिस्टिम टाकून बूटलोडर लॉक झाला, तर ‘ही मीयूआय या फोनवर चालणार नाही’ असं म्हणून फोन तिथेच बसतो. फोनवर लिनिएज असताना कुणी फास्टबूटने लॉक केलं, तर ‘द सिस्टिम हॅज बीन डिस्ट्रॉइड’ असं वाचावं लागतं. म्हणून फ्लॅशचं बटण दाबण्याआधी तळाशी बघा आणि ‘क्लीन ऑल’ निवडा.

फोन काळा पडून पीसीला फक्त ‘क्वालकॉम ९००८’ (चिपची आणीबाणीची अवस्था) दिसत असेल, तर पुढचं काम कंपनीच्या अधिकृत खात्याशिवाय सहसा होत नाही. सर्व्हिस सेंटरला जा. नेटवर्क गेलं, आयएमईआय शून्य दिसतोय, म्हणून कुणी दुसऱ्याच फोनचा आयएमईआय टाकून देतो म्हणाला तर नाही म्हणा. भारतात तो कायद्याने गुन्हा आहे. यासाठीच टीडब्ल्यूआरपी असेल तर सुरुवातीलाच ईएफएस आणि पर्सिस्ट या फोनची स्वतःची खास माहिती ठेवणाऱ्या दोन विभागण्यांचा बॅकअप घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवावा. त्या फोनागणिक वेगळ्या असतात, दुसऱ्याच्या चालत नाहीत.

पैशांची अ‍ॅप

हे आधी ठरवा, रॉम टाकल्यावर नाही. अनलॉक झालेला फोन गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत (फोनशी छेडछाड झाली आहे का हे बघणाऱ्या) पूर्ण पास होत नाही. त्यामुळे बँकांची काही अ‍ॅप चालतात, काही उघडतच नाहीत, आणि आज चालणारं अ‍ॅप पुढच्या अपडेटनंतर बंद पडू शकतं. काही फोनांत वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणारी व्यवस्था, एल१ पातळीवरून एल३ वर येतं आणि नेटफ्लिक्स ४८०पी वर उतरतं. भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळीकडे यूपीआयवर चालणाऱ्या माणसाने स्वतःच्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात पडून असलेला दुसरा फोन घ्या, त्यावर शिका.

आणि अडकलात तर फोन रीस्टार्ट करण्याआधी रिकव्हरीचा लॉग (काय काय घडलं त्याची नोंद) उतरवून घ्या. रिकव्हरी चालू असेपर्यंत तो टीएमपी फोल्डरमध्ये ‘रिकव्हरी.लॉग’ नावाने असतो, ‘एडीबी पुल’ या कमांडने पीसीवर येतो आणि फोन बंद झाला की तिथून पुसला जातो. लिनिएजच्या रिकव्हरीत त्यासाठी आधी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये एडीबी चालू करावं लागतं. कुणाची मदत मागायची असेल तर हा लॉग, गेटव्हारने सांगितलेलं फोनचं नाव आणि झिपचं पूर्ण नाव द्या. ‘फोन चालत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.